विमान अजून हवेतच

“विमान अजून हवेतच आहे,” धाकट्याने सांगितलं.

बाबांनी उशीवरून मान वळवली. “कालपासून?”

“समोरून वारा आहे.”

बाबांनी जन्मभर बस चालवली होती. विमानात कधी पाय ठेवला नव्हता. वाऱ्याचं कारण त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं.

सगळा घोळ एका शब्दाचा. काल सकाळी परदेशातून ताईचा फोन आला होता. डॉक्टरांनी हात टेकल्याचं तिला कळलं होतं. ती रडरड रडली आणि फोन ठेवताना म्हणाली, “येते हं, बाबा.” या घरात निघताना ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर बाबा खेकसायचे, “येते म्हण!” तीच खोड ताईने फोनवरही नेलेली. पण बाबांचे डोळे लकाकले. “ताई येतेय! किती लांब रे ते?”

ताईला नववा महिना लागला होता. दुखण्यात बाबा तेवढं विसरले असणार. ते सांगायला धाकट्याने तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, “चार हजार किलोमीटर. विमानाने साडेपाच तास.”

“माझ्या बसला आठवडा लागला असता,” बाबा म्हणाले. “मग थांबतो.”

डॉक्टर म्हणाले होते, रात्र निघणं कठीण. रात्र निघाली.

मग काय, विमानाला उशीर होणं भागच होतं. आधी एका प्रवाशाची बॅग चुकली. मग वैमानिकाला उचकी लागली. मग इथल्या धावपट्टीवर एक म्हैस येऊन बसली. ती सरकारी निघाली, त्यामुळे तिला उठवणार कोण? शेवटी काही सुचेना, तेव्हा तिकडचं घड्याळ वेगळं असतं म्हणून धाकट्याने भिंतीवरचं घड्याळच मागे केलं. दोनदा.

“मध्ये चहाला थांबतं का?” बाबांनी विचारलं.

“थांबतं ना.”

“मग लागणारच वेळ.”

शेजारच्या काकूंनी त्याला दाराआड ओढलं. “अरे, किती थापा मारशील? लेकीत जीव अडकलाय त्यांचा. खरं सांग आणि सोडव.”

त्याने मान डोलावली. आत जाऊन सांगितलं, म्हैस उठली.

दुपारी बाबांचा श्वास बदलला. धाकटा धावत पलंगाशी आला. “बाबा, दिसायला लागलं हं विमान! ढगांत घिरट्या घालतंय. जरा थांबा, अगदी जरा—”

बाबांनी त्याचा हात धरला. स्टिअरिंग धरावं तसा, घट्ट नाही, सैलही नाही.

“गाढवा, नवव्या महिन्यात विमानात घेतात होय?”

धाकट्याने विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“तो ‘येते’ शब्द मीच शिकवला ना तुम्हाला?”

“मग काल कशाला म्हणालात, ताई येतेय?”

“तुझा चेहरा बघवेना.” बाबांनी दम घेतला. “म्हटलं, याला थोडा वेळ देऊ.”

धाकट्याने त्यांचा हात सोडला नाही. भिंतीवरचं मागे पडलेलं घड्याळ चालूच होतं.

“उतरव आता ते विमान, बाळा,” बाबा म्हणाले. “डिझेल संपलं. येतो.”