सावलीचं माप

झाड अजून पिशवीतच होतं, गुडघ्याएवढं. सांडू मात्र त्याची सावली मोजायला बांधावर आला होता.

फर्दापूरच्या अलीकडं त्याचं आणि चुलतभाऊ कडूबाचं रान एकाच बांधाला लागून. कडूबाला त्या बांधावर केसर आंबा आणि जांभूळ लावायचं होतं. रोपं एका संस्थेनं फुकट दिलेली. रान दोनच एकर. मधोमध झाडं लावली तर तूर पेरायची कुठं? बांध तेवढा मोकळा, पण तो दोघांचा. सांडू हो म्हणेपर्यंत कुदळ मारता येत नव्हती, आणि रोपांच्या मुळ्या तर पिशव्या फोडून बाहेर आल्या होत्या.

"सकाळची सावली तुझ्या तुरीवर, दुपारची माझ्या कपाशीवर," सांडू म्हणाला. "सकाळची कुणाला जड जात नाय. वाटणी लई हुशारीनं केली तू."

"सूर्याला मी सांगितलं का दादा, तिकडं मावळ म्हणून?"

"आंबे पण तुझे."

"तुझ्या रानात पडतील ते तुझे."

"व्हय. पडलेले माझे, तोडलेले तुझे."

तोंडी हिशोबावर सांडूचा विश्वास नव्हता. त्यानं घरून लांब बांबू आणला होता. त्याला वर आडवी काठी बांधून तिच्यावर गोधडी टाकली आणि बांबू बांधात रोवला. गोधडीची सावली कपाशीत जाऊन पडली. सांडू तिच्या कडेकडेनं खडे मांडू लागला.

"बघ. एवढ्या जागेत बोंडं फुटायची नायत."

कडूबानं पाहिलं. म्हणणं खोटं नव्हतं. त्यानं हातातली कुदळ खाली ठेवली.

तेवढ्यात सांडूची बायको मनकर्णाबाई कापूस वेचत त्याच ओळीनं आली. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन, कपाळावरून ओढलेला पदर घामानं चिकटलेला. सावलीत शिरल्यावर तिचा हात मंदावला. बाकीच्या दहा झाडांना मिळून दिला नसेल एवढा वेळ तिनं त्या एका झाडाला दिला. मग झोळी सोडली आणि खाली बसली.

"ऊठ तिथनं. खडे मांडायचेत," सांडू म्हणाला.

"मांडा की माझ्या भवतीनं." तिनं कापसाची झोळी उशाला घेतली.

"झालं माप," म्हणत सांडू बांबू उपटायला वळला.

"ऱ्हाऊ द्या जरा," ती डोळे मिटूनच म्हणाली. "गोधडी माझीच हाये."

वाऱ्याची झुळूक आली. बांबू कलला, सावली सरकली आणि ऊन थेट मनकर्णाबाईच्या तोंडावर आलं. सांडूनं पटकन बांबू धरला, सरळ केला. सावली जागेवर आली. पण बांधाची माती भुसभुशीत. हात काढला की बांबू पुन्हा कलायचा. सांडू दोन्ही हातांनी बांबू धरून उन्हात उभा राहिला.

कडूबानं थोडी वाट पाहिली. मग कुदळ उचलली, बांधावरच थोडं पुढं सरकला आणि एक घाव घातला. सांडूनं मान वळवली. कडूबाची कुदळ वरच्या वर थांबली.

"हळू खण," सांडू म्हणाला. "आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."