पेटीतला आवाज

"उचल गं, आळशे! किती झोपशील? उचल!"

हत्यारांच्या पेटीतून आवाज आला आणि संघाच्या सायकली सांभाळणाऱ्या मामांच्या हातातला पाना खाली पडला.

आवाज ताईचा होता. आणि ताई गेल्याचं संघटनेच्या चिटणीसांनी आज सकाळीच कळवलं होतं.

शर्यतीच्या दिवशी तिन्ही पोरींचे फोन मामांच्या पेटीत ठेवायचे, हा संघाचा जुना शिरस्ता. त्यांच्यातल्या धाकटीने, ताईच्या बहिणीने, ताईच्या नंबराला ताईचाच आवाज लावून ठेवलाय, हेही मामांना ठाऊक होतं. तरी ते पेटीकडे बघतच राहिले. धाकटीच्या फोनच्या पडद्यावर 'ताई' ही अक्षरं लुकलुकत होती.

"आधी तो आवाज बंद करा," प्रशिक्षक बाई दबक्या स्वरात म्हणाल्या. "घरचं कोणीतरी तिच्या फोनवरून लावत असेल. सुवर्णपदकाची शर्यत होईपर्यंत धाकटीच्या कानावर काही जाता कामा नये."

"पण बाई, सख्खी बहीण..."

"कळलं तर ती पॅडलवर पाय तरी ठेवेल का? मग शेवटची फेरी कोण मारणार, तुम्ही?"

मामा पेटीवर वाकले. पुस्तकात नाक खुपसून बसणारा माणूस. आपलं म्हणणं बरोबर असेल अशी खात्री त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती. त्यांनी फोनचा आवाज बंद केला आणि तो स्वतःच्या खिशात टाकला.

पलीकडे तिघी रोलरवर जागच्या जागी सायकली फिरवत पाय मोकळे करत होत्या. त्या घरघरीत त्यांना काही ऐकू गेलं नसावं.

"वकीलबाई, आज माझ्या चाकाला चिकटून राहा," पहिली फेरी मारणारी ठिणगी म्हणाली. "परवा आपल्या दोघींमधून बस गेली असती."

"बस नाही गं, फार तर स्कूटर," वकीलबाईने लगेच हरकत घेतली.

धाकटी हसली नाही. ती पाठमोरी होती, डोक्यावरून टॉवेल घेतलेला. ताई दवाखान्यात पडल्यापासून पोरीचं बोलणंच आटलं होतं. इथेही ती संघाबरोबर आली नव्हती. मागाहून एकटी आली.

खिशात फोन थरथरला. ताई.

या वेळी मामांनी धीर करून उचलला. "हॅलो?"

कोणी बोललं नाही. नुसता श्वास, भराभर चाललेला. त्यामागे घरघर. लाकडी ट्रॅकवर चाक जोरात धावतं तशी. कधीकाळी या संघात शेवटची फेरी ताईच मारायची, आणि तिचीही सायकल मामाच धरायचे.  त्यांनी फोन कापला.

थोड्या वेळाने धाकटी त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

"मामा, माझा फोन वाजला का हो?"

"नाही गं."

"एकदाही नाही?"

"नाही."

तिने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं.

तिघी रेषेवर आल्या. सायकल धरायची, ढकलायची नाही, हा नियम. मामांनी धाकटीच्या सीटखाली हात घातला.

"तुमचा हात थरथरतोय, मामा."

"म्हातारा झालो."

"घट्ट धरा. मी आहे ना."

बार उडाला. ठिणगी पहिली फेरी पुढे राहून ओढून तिरक्या ट्रॅकच्या वरच्या कडेला सरकली, बाजूला झाली. दुसरी फेरी वकीलबाईने ओढली, तीही सरकली. उरली एकटी धाकटी. प्रेक्षक उठून ओरडत होते, पण मामांच्या कानात फक्त ती घरघर होती. धाकटीच्या पुढे मोकळा ट्रॅक. तरी कोणाच्या तरी चाकाच्या आडोशाने जावं तशी ती मान खाली घालून चालली होती. वारा जणू दुसरंच कोणी कापत होतं.

फलकावर त्यांच्या संघाचं नाव सगळ्यात वर चढलं.

ठिणगी आणि वकीलबाई गळ्यात गळा घालून रडत होत्या. बाईंनी धाकटीला बाजूला घेतलं, खुर्चीवर बसवलं. "बाळा, मन घट्ट कर. ताई..."

"मला ठाऊक आहे, बाई." धाकटी शांतपणे जाकीट चढवत होती. "मी विमानात बसले त्याच्या आदल्या दिवशीच गेली. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला शर्यतीत उतरू दिलं नसतं, म्हणून घरच्यांना मीच गप्प बसवलं."

 मामांना वाटलं, आपण इथून नाहीसं व्हावं.

धाकटीने जाकिटाच्या खिशातून एक जुना फोन काढला. काच तडकलेली. तिने बटण दाबलं.

मामांच्या खिशात थरथर सुरू झाली.

"आवाज का बंद केलात, मामा?" ती म्हणाली. "मला तेवढाच ऐकायचा होता."