चौथी जर्सी

“आई, ओवेनला अजून किती वेळा मारणार आहेस?” मैत्रिणींनी पैजेवर विचारायला लावलेला प्रश्न ब्रिनने शूटिंगच्या अख्ख्या युनिटसमोर फेकला. घरासमोरच्या ज्या बर्फाळ रस्त्यावर ट्रकने तिच्या भावाला, ओवेनला उडवलं, तिथेच आई त्याच्यावर सिनेमा काढत होती. “शॉट नीट होईपर्यंत,” ती मॉनिटरकडेच बघत म्हणाली. अंगणात बाबा मक्याच्या पाकात रंग कालवून शूटिंगसाठी खोटं रक्त शिजवत होता. टेकगणिक ओवेन झालेल्या नटाला हॉकीची कोरी जर्सी लागायची. परवडलेल्या तिन्ही माखल्या होत्या. “ओवेनची आहे की कपाटात,” आई म्हणाली. कपडेपटवाली डार्लीन चाचरली, “अगं, ती खरी आहे!” “म्हणूनच हवीय.” बाबाचा हात थबकला. ब्रिनच वर धावली. दप्तर पाठीला लावून उतरली तेव्हा न धुतलेली जर्सी अंगात होती. “आई, बाबा, मी ही घालून शाळेत चाललेय. आज तो मरणार नाही.”