झऱ्यावरचं जेवण

एकाहत्तरच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी सासूनं सगळ्यांना बैलगाडीतून घोड नदीकाठच्या झऱ्यावर जेवायला नेलं, तेव्हा नऊ वर्षं टोमणे सोसलेल्या गोजराला पहिल्यांदाच सासर बरं वाटलं. पण झऱ्यापाशी परकी माणसं आधीच बसली होती, त्यांच्यात नव्या लुगड्यातली एक पोरगी होती. "वांझोटीपायी माज्या लेकाचं घर बुडालं," सासू गोजरासमोरच पोरीच्या बापाला म्हणाली, "ही रानात राबंल, तुमची पोर घरात राज करंल." नवरा पाण्याकडं बघत विडी ओढत राहिला. ताटं वाढून झाल्यावर गोजरानं हातपाय धुवायच्या निमित्तानं पोरीला नदीवर नेलं. "डाक्तरीण म्हनली, माज्यात खोट न्हाई. ह्यांना तपासायला बोलावलं, तर ह्यांनी माजाच हात मोडला," म्हणत तिनं वाकडं जुळलेलं मनगट पुढं केलं. पोरगी परतली आणि बापाला ताटावरून उठवत म्हणाली, "चला, हितलं पानीसुदिक नको."