फक्कीचं घर

"भिंतीतून कुठं येता, भाऊ? दारातनं या," जमुना म्हणाली.

दिनानाथचा उचललेला पाय तसाच राहिला. पायाखाली वाळूत फक्कीची पांढरी रेघ होती. दिवाळीनंतर त्यानंच मारलेली. आता वैशाख लागला होता. समुद्राच्या वाऱ्यानं ती केव्हाच पुसून जायला हवी होती. पण रेघ ताजी होती. तो वळसा घालून गेला आणि ती जिथं तुटली होती तिथून आत शिरला.

"शिंपल्या जाळून चुना केला," जमुना म्हणाली. "वारा खातो, मी परत मारते."

दारापाशी जाळं शिवत बसलेला तिचा नवरा रामू हसला. "घराचा पत्ता नाय, पण आत यायचं तर मला पाय धुवाया लावते."

दिनानाथही कसाबसा हसला. तो पालघरचा, मुंबईत वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होता. किनाऱ्यावरच्या या दांडी गावातल्या कोळ्यासाठी घर, हा त्याचा परीक्षेचा विषय. खांबांवर उचललेलं घर, खाली जाळ्यांना मोकळी जागा, सपाट गच्चीवर बोंबील वाळवायची सोय, आणि समुद्राकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब खिडकी. सगळा भार खांबांवर, त्यामुळे भिंत हवी तिथं घ्यावी. परीक्षकांना हेच फार आवडलं होतं. आता प्रदर्शनासाठी जागेचा फोटो हवा होता, म्हणून तो कॅमेरा घेऊन आला होता.

खोल्या माणसाच्या मापाच्या आहेत का, ते पाहायला त्यानं सगळा नकाशा इथं खऱ्या मापात आखला होता. फितीचं दुसरं टोक जमुनानं धरलं होतं, वाळत घातलेली मासळी तशीच टाकून. "कवा बांधणार?" तिनं विचारलं होतं. खरं सांगितलं तर ती फीत सोडून जाईल, असं त्याला वाटलं. "पावसाच्या आत," तो म्हणाला होता.

तिनं का विश्वास ठेवू नये? पलीकडे वीजकेंद्राच्या बांधकामावर ती मातीच्या पाट्या वाहायला जायची. तिथंही शर्ट-पँटवाले फीत घेऊन आले होते, अशाच रेघा मारून गेले होते, आणि त्या रेघांवर भिंती उभ्या राहिल्या होत्या.

"चूल खिडकीपाशी मांडलीय," जमुनानं तीन दगड दाखवले. "वारा लागतो. पण दर्या दिसतो."

दिनानाथनं नजर वळवली. मागे तिची जुनी झोपडी होती. आजूबाजूच्या सगळ्या झोपड्यांवर नवं गवत चढलं होतं. हिच्या छपरातून आत उन्हाचे कवडसे पडले होते.

"यंदा शाकारलं नाही?"

"कशाला? तुमीच बोललात ना."

त्यानं कॅमेरा खांद्यावरून काढला आणि हातात नुसताच धरून ठेवला.

"जमुनाबाय, हे घर होणार नाही. परीक्षेपुरतं होतं. मला तेव्हाही ठाऊक होतं."

रामूची सुई थांबली. जमुना चुलीच्या दगडांकडे बघत राहिली.

"पास झालात?" तिनं विचारलं.

"पहिला आलो."

"बरं झालं." मग ती रामूकडे वळली. "उठा आता. कुठं गवत उरलंय का बघा. लोकांनी तर कधीच नेलं."

तिनं एकेक करून तिन्ही दगड उचलले, पोटाशी धरले, आणि समोरच्या भिंतीवर पाय देऊन ती सरळ झोपडीकडे चालत गेली. टाचेखाली चुना फिसकटला.

दिनानाथ बराच वेळ आतच उभा राहिला. मग तो दारातून बाहेर पडला.