दुसरा पाट

दौलत फौजदारानं कमरेचं पिस्तूल खुंटीला अडकवलं आणि तो पाटावर बसला. भाऊबीज होती. बहिणीनं, अनसूयेनं, शेजारी दुसराही पाट मांडला होता. इंग्रज सरकारविरुद्ध भूमिगत झालेल्या धाकट्या हैबतीचा.

"तो यायचा नाही, अनशे," दौलत म्हणाला. कालच उसाच्या फडात त्याच्याच गोळीनं हैबतीचं कपाळ फुटलं होतं. घरात अजून कुणाला पत्ता नव्हता.

"आलाय की," अनसूया म्हणाली.

दौलतला ओवाळून ती रिकाम्या पाटासमोर बसली. बसलेल्या माणसाच्या कपाळाइतक्या उंचीवर तिचं कुंकवाचं बोट हवेत टेकलं. तिनं ते पदराला पुसलं, कुंकवात बुडवलं, पुन्हा टेकवलं.

"दादा," दौलतकडं न बघता ती म्हणाली, "ह्याच्या कपाळाला कुंकूच धरंना. सारखं ओलं लागतंय."