कार्ड वॉकिंग स्टेइंग

रविवारपर्यंत एक तरी वापरणारा दाखवा, नाहीतर ड्रायव्हर काढून टाकतो, असं पत्र फोनवर आलं तेव्हा अनुपमा मोताळ्याच्या घरी पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानेच तिने ते दोनदा वाचलं.

ड्रायव्हर होता तीस वर्षांपूर्वीच्या एका साउंड कार्डाचा. जगभरातले लोक मिळून एक फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम चालवतात, तिच्यातला; पत्रही त्यांचंच. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि सिस्टीम यांच्यातला मध्यस्थ, सोयरिकीतल्यासारखाच. तो नसला तर दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत. सिस्टीमची दर दोन-अडीच महिन्यांनी नवी आवृत्ती निघे आणि अनुपमा दर वेळी या मध्यस्थाची डागडुजी करी. नऊ वर्षं हे चाललं होतं, तेही बिनपगारी.

वापरणारा एकच होता. पत्राखाली नुसतं ‘डब्ल्यू’ लिहायचा. कार्डातून आवाज येत नाही, अशी त्याने नऊ वर्षांपूर्वी तक्रार केली होती. अनुपमाने ती दूर केली आणि ड्रायव्हर तिच्याच गळ्यात पडला. तिच्याकडे ते कार्ड नव्हतं. म्हणून ती दर वेळी लिही, कृपया तपासून कळवा. तोही न चुकता कळवी, तेच एक वाक्य: ‘टेस्टेड. कार्ड वॉकिंग स्टेइंग.’ असेल कुणी फिनलंडकडचा, उतारवयात इंग्रजी शिकलेला, असं तिने ठरवून टाकलं होतं. त्या बर्फात त्याचं काहीतरी या कार्डावर अडलेलं असणार. ड्रायव्हर गेला तर त्याचं काय होईल, याचीच तिला धास्ती होती.

त्या पत्राला उत्तर द्यायचं म्हणून कार्डाचा उपयोग कशासाठी करता, हे तिने त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच वाक्य आलं. अन्नपूर्णाबाई, तिच्या सासूबाई, शेजारी सुपात तूर निवडत बसल्या होत्या. अनुपमा वैतागून त्यांना म्हणाली, “बघा ना आई, मी विचारते करता काय, आणि हा सांगतो कार्ड चालतंय, राहतंय.”

सासूबाईंनी सुपातून मान वर काढली नाही. “चालून राह्यलं म्हणते तो. आपल्याच इकडचा दिसते.”

अनुपमाचं माहेर नाशिकचं. दहा वर्षं मोताळ्यात राहूनही तिची मराठी पुस्तकीच राहिली होती, आणि त्यावरून घरात तिची थट्टा होई. आज मात्र ती पुरती ओशाळली. सासूबाईंनी सांगितलं तसं तिने अक्षर न अक्षर लिहून पाठवलं, ‘तुम्ही कुठी राह्यता?’

चार मिनिटांत उत्तर आलं. ‘हिवरा आश्रम. तुम्ही?’

शनिवारी ती एसटीने निघाली. हिवऱ्याच्या थांब्यावर ‘डब्ल्यू’, म्हणजे वहाबचाचा, उभे होते. पूर्वी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नऊ वर्षं ते ‘डिअर सर’ लिहीत आले होते, त्यामुळे उतरणाऱ्यांत ते कुणी साहेब शोधत राहिले आणि दोनदा तिच्यावरून नजर फिरवून पुढे गेले. शेवटी तिनेच जाऊन ओळख दिली.

बाहेरच्या खोलीत ते कार्ड बसवलेली कॉम्प्युटरची मशीन होती. तिच्यावर कशिद्याचं कापड घातलेलं. नवी आवृत्ती चढवायला अख्खा दिवस जातो, वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून, असं चाचांनी सांगितलं. जहांआराचाचींनी चहा आणला. मग अनुपमाने विचारलं, या मशीनवर तुमचं काम काय चालतं?

चाचांनी कप खाली ठेवला.

“माझं? कॅसेटी भरून द्याचं काम तं तक्रार केली त्याच वर्षी बंद पडलं. तुम्ही दर खेपेले लिहिता, तपासून कळवा. मले वाटलं, अमेरिकेत साहेबाचं काम अडून राह्यलं. म्हणून ठेवली मशीन.”

चाचींनी त्यात भर घातली. त्या जागेवर त्यांना नऊ वर्षांपासून शिलाई मशीन ठेवायची होती. भंगारवाला चार वेळा दारातून परत गेला होता.

अनुपमाला हसू आलं, आणि हसता हसता डोळेही भरले. तिथेच बसून तिने फोनवरून पत्राला उत्तर दिलं: वापरणारं कुणी नाही, खुशाल काढा. चाचांनी ते वाचून मान डोलावली. चाची लगेच खोलीतली जागा वितीने मोजू लागल्या.

परतीच्या गाडीत मात्र तिला फार चुकल्यासारखं वाटलं. ड्रायव्हरचं तिला फारसं काही नव्हतं. ते वाक्य आता येणार नाही, याचं वाईट वाटत होतं.

अडीच महिन्यांनी नवी आवृत्ती निघाली, त्या ड्रायव्हरशिवाय. अनुपमाला करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी सवयीने तिने टपाल उघडलं. डब्ल्यूचं पत्र आलेलं होतं.

‘टेस्टेड. चाचा वॉकिंग स्टेइंग. तुम्ही?’